दवाखान्याची इमारत आणि कोवळे जीव

(मुलुंड येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित सारांश)



मुलुंड-बोरिवलीत तान्ह्या बाळाला रात्री ताप आला, तर तासाभरात आपण डॉक्टरांच्या दारी पोहोचतो. जव्हार-मोखाड्यात तोच ताप प्राणावर बेततो. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेला हा तालुका २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

डोंगराळ व आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३ हजारांस एक उपकेंद्र, हा शासकीय निकष. परंतु या हिशेबात वाटेतला ओढा धरलेला नसतो. बाळंतिणीला झोळीत घालून आणावे लागत असेल, तर केंद्र असून नसल्यासारखेच. तेथे पोहोचल्यावरही वीज, बाळाला ऊब देणारे यंत्र, प्राणवायू, औषधे आणि मुक्कामी परिचारिका यांपैकी एक कडी निखळली, तरी साखळी तुटते.

यावर वाट दाखविली ती गडचिरोलीने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत तेथल्याच स्त्रियांना प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब राखणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, हे त्या घरी जाऊन करू लागल्या. हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो जवळपास तसाच राहिला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. २०११ मध्ये हीच पद्धत ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत देशभर स्वीकारली गेली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळालाही ४२ दिवसांत ६ गृहभेटी ठरल्या.

याचा अर्थ रुग्णालये नकोत, असा मुळीच नव्हे. अडलेले बाळंतपण घरी सुटत नाही. घरची देखरेख आणि सुसज्ज केंद्र या एकाच हाताच्या दोन बाजू आहेत.

आपण वनवासी पाड्यांवर आरोग्य शिबिरे घेतो. ती अवश्य घ्यावीत. पण शिबिर एका दिवसाचे असते आणि नवजात बाळाचा धोक्याचा काळ २८ दिवसांचा. म्हणून पुढच्या वेळी जाल, तेव्हा औषधांच्या खोक्यांबरोबर काही प्रश्नही न्या. आशाताईंचा वजनकाटा चालतो का? तिचे मानधन वेळेवर मिळते का? उपकेंद्रात रात्री कोण असते? उत्तरे मिळेपर्यंत विचारत राहणे, हीही सेवाच आहे.