बाबांचा पेस आणि माझी एक्सेल शीट

"माझं वय अमुक, मग माझा पेस किती हवा?" हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. याचं थेट उत्तर मी एकदा दिलंय, आणि ते चुकलंय. आज तेच सांगतो.

बाबा ६१ वर्षांचे. रिटायर झाल्यावर तळजाईवर चालायला लागले, मग हळूहळू पळायला. पाच किलोमीटरला ४० मिनिटं, म्हणजे किलोमीटरला ८ मिनिटं. मी २८ वर्षांचा, माझा पेस साडेसहा मिनिटं. नेटवर वयानुसार सरासरी पेसचा एक तक्ता मिळाला, त्यात साठीच्या पुढचे लोक सातच्या आसपास दिसत होते. मी लगेच एक्सेल शीट केली. म्हटलं, "बाबा, तुम्ही सरासरीच्या मागे आहात. तीन महिन्यांत सातवर येऊ." घड्याळात अलर्टही लावून दिला. पेस घसरला की मनगटावर थरथर.

बाबांनी ऐकलं, हाच घोळ झाला. पाचव्या आठवड्यात पोटरीचा स्नायू दुखावला, सहा आठवडे पळणं बंद. पळण्यापेक्षा टेकडीवरचा ग्रुप सुटला ते त्यांना जास्त लागलं. साडेपाचला उठून नुसते गॅलरीत बसायचे. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

मग मी तो तक्ता परत उघडला. डेटा कुठून आला, हे ऑफिसात रोज विचारतो, घरी विचारलं नव्हतं. असे तक्ते बहुतेक शर्यतींच्या निकालांवरून किंवा ॲपवरच्या नोंदींवरून बनतात. साठीनंतर शर्यतीला कोण येतं? ज्याचे गुडघे शाबूत आहेत आणि जो बहुधा कित्येक वर्षं पळतोय तो. सोडून दिलेले लोक मोजणीतच नाहीत. आणि साठीला पहिल्यांदा रनिंगचे बूट घेतलेला माणूस त्या गर्दीच्या सरासरीशी का जुळेल?

त्यापेक्षा बोस्टन मॅरेथॉनच्या पात्रता वेळा बघा. २०२६ साठी १८ ते ३४ वयाच्या पुरुषांना २ तास ५५ मिनिटं, तर ६० ते ६४ च्या पुरुषांना ३ तास ५० मिनिटं. हा प्रवेशाचा नियम आहे, शरीरशास्त्र नव्हे, पण अंदाज घ्यायला चालतो. पेसमध्ये काढलं तर ४:०९ आणि ५:२७, म्हणजे जवळपास १.३१ पट. माझ्या साडेसहाला १.३१ नं गुणलं तर येतात साधारण साडेआठ मिनिटं. बाबा आठनं पळत होते! म्हणजे वयाचा हिशोब धरला तर ते माझ्या पुढे होते, आणि मी त्यांना शिकवत होतो.

असा हिशोब करायची रीतसर पद्धतही आहे, तिला एज ग्रेडिंग म्हणतात. तुमच्या वयासाठी ठरवलेल्या सर्वोत्तम वेळेला तुमच्या वेळेनं भागायचं, टक्के मिळतात. बाप-लेकाची तुलना करायचीच असेल तर अशी करा.

कुणीतरी कॅनडाच्या एड व्हिटलॉक यांचं नाव काढेलच. ७३ व्या वर्षी २ तास ५४ मिनिटांत मॅरेथॉन, ८५ व्या वर्षी चार तासांच्या आत. कमाल माणूस. पण त्यांचं उदाहरण स्वतःच्या वडिलांना देऊ नका, मी देऊन बसलोय.

हार्ट रेटचंही तसंच. २२० वजा वय केलं तर बाबांचा कमाल ठोका १५९ येतो. दुसऱ्या प्रचलित सूत्रानं, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, १६५ येतो. त्यातही माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. मी मात्र त्या १५९ वर झोन आखले होते.

खरी खूण समोरच होती. बाबा पळताना अखंड बोलतात; भाजीचे भाव, सोसायटीची मीटिंग, सगळं. पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर पेस सोपा आहे, ही साधी चाचणी आहे. त्या पाच आठवड्यांत ते गप्प पळत होते, आणि मला वाटलं, फोकस वाढला.

आता ते परत टेकडीवर जातात. दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. अलर्ट काढून टाकलाय. १.३१ चं गणित त्यांना समजावलं तर म्हणाले, "म्हणजे मी तुझ्या पुढे?" म्हटलं, "हो, बाबा." तो स्क्रीनशॉट त्याच संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर होता.