बाबांच्या कॅप्सूल आणि खाजकुयलीची पावडर

आज कोडिंग नाही, आज बाबांच्या गोळ्यांच्या डब्याबद्दल बोलायचंय.

दोन वर्षांपूर्वी बाबांना पार्किन्सन्स असल्याचं कळलं. उजवा हात थरथरायचा, सही बारीक होत चालली होती. मी काय केलं? रात्रभर गुगल. त्यात सापडलं को-एन्झाइम क्यू-टेन. थिअरी झकास होती. पेशीतले मायटोकॉन्ड्रिया ऊर्जा बनवतात, त्या कामात हा पदार्थ लागतो, आणि पार्किन्सन्समध्ये तिथेच बिघाड दिसतो. २००२ चा एक अभ्यासही मिळाला. ८० रुग्ण, चार गट. रोज १२०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचा आजार, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा ४४ टक्के कमी वाढला. झालं, मी ऑर्डर टाकली.

आता गंमत बघा. ऑफिसात मी ए/बी टेस्ट बघतो. एका गटात वीसेक यूजर असतील तर तो आकडा मी मॅनेजरला दाखवणारही नाही. बाबांच्या बाबतीत मात्र ते डोकं बंदच पडलं. मोठ्या चाचणीत खात्री व्हायला हवी, असं त्या संशोधकांनीच लिहिलं होतं. ते मी स्क्रोल करून पुढे गेलो.

मोठी चाचणी झालीसुद्धा होती. अमेरिका आणि कॅनडात, ६०० रुग्णांवर. फायदा दिसायची शक्यताच उरली नाही म्हणून ती मध्येच थांबवली. निकाल २०१४ मध्ये छापून आला. आजार मोजायच्या पट्टीवर दिखाऊ गोळीवाले सरासरी ६.९ अंकांनी खालावले, १२०० मिलिग्रॅमवाले ७.५ ने आणि २४०० वाले ८ ने. क्रिएटिनचंही तेच, हो, तेच जिमवालं. १,७४१ रुग्ण, आणि तीही चाचणी थांबवावी लागली.

हे मी वाचलं तेव्हा बाबांना कॅप्सूल देऊन पाच महिने झाले होते.

पण त्या कॅप्सूलने निदान फक्त पैसे गेले. खरी भीती वाटली ती नंतर. बाबांची मान आणि हात आपोआप वळवळायला लागले. आम्हाला वाटलं, आजार वाढला. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काय घेता?" बाबा गप्प. मग आई म्हणाली, "ते कवचबीजाची पावडर घेतात ना, दुधातून."

कवचबीज म्हणजे खाजकुयलीच्या बिया. त्यात खरोखरच लेव्होडोपा असतं, जे बाबांच्या गोळीतही आहे. मेंदूत त्याचं डोपामिन होतं. म्हणजे हे सप्लिमेंट "काम करत नाही" असं नाहीच, ते काम करतं म्हणूनच गोंधळ झाला. गोळीत डोस मोजलेला असतो, पावडरीच्या चमच्यात किती गेलं कुणाला माहीत? बाबांचं म्हणणं, "अरे, आयुर्वेदिक आहे, त्यात डॉक्टरांना काय सांगायचं?" आणि मी त्यांना कुठल्या तोंडाने बोलणार? कॅप्सूलचंही मी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं.

पावडर डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केली, वळवळ कमी झाली. रक्ततपासणीत बी-१२ कमी निघालं, ते मात्र त्यांनी स्वतः लिहून दिलं. कमतरता सापडली की ती भरून काढायची, हा वेगळा हिशोब.

आता दर अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्री आई डब्यातलं सगळं टेबलावर मांडते, चूर्णं, काढे, सगळं. मी फोटो काढतो आणि डॉक्टरांना दाखवतो. मागच्या वेळी त्यात माझी मल्टिव्हिटॅमिनची बाटलीही आली होती.

चला, भेटू पुढच्या भागात.