हरभऱ्याची आंब, लोण्याचा कढ

(शहागड येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



आज पहाटे गोदाकाठच्या एका शेतातून चालत आलो. हरभरा घाट्यावर आलाय. बांधावरून उतरून दहा पावलं टाकली, तर पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. बोट ओल्या पानावरून फिरवून जिभेला लावलं, आंबट! नुसतं दव नव्हे ते, आंब. आपल्या आज्या पहाटे हरभऱ्यावर धुतलेलं फडकं अंथरायच्या, ते पिळून आंब बाटलीत भरून ठेवायच्या आणि पोट दुखलं की पाण्यातून थोडी द्यायच्या. पाठ्यपुस्तकात ‘कार्बॉक्झिलिक आम्ल’ वाचून पोरं धास्तावतात, ते हेच. आंबेत मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही दोन आम्लं असतात. पानाच्या बारीक लवेतून ती पाझरतात, आणि ऑक्झॅलिक आम्लामुळे घाटेअळीची वाढ मंदावते. तेवढ्यानं अळी आटोक्यात येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

या साऱ्या आम्लांची खूण एकच: एका कार्बनला दोन ऑक्सिजन, त्यांतल्या एकाला एक हायड्रोजन. पाण्यात हा हायड्रोजन सुटू पाहतो, कारण तो गेल्यावर मागे राहिलेला ऋणभार दोन्ही ऑक्सिजन वाटून घेतात. अल्कोहोलकडे असा वाटेकरी नाही, म्हणून ते आंबट लागत नाही. कार्ल शेले या स्वीडनमधल्या औषधविक्रेत्यानं १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून लॅक्टिक, १७८४ मध्ये लिंबातून सायट्रिक आणि १७८५ मध्ये सफरचंदातून मॅलिक आम्ल वेगळं काढलं.

आम्लाची अल्कोहोलशी गाठ पडली, की दोघांमधून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि एस्टर तयार होतं. आंबटपणा जातो, सुवास येतो. आम्लाचे रेणू एकमेकांना हायड्रोजनच्या दुव्यानं धरून बसतात. एस्टरला तो दुवा उरत नाही. म्हणून अ‍ॅसेटिक आम्ल ११८ अंशांना उकळतं, तर त्याच्यापासून बनलेलं ईथाईल अ‍ॅसिटेट, रेणू जड असूनही, ७७ अंशांनाच. जे चटकन उडतं ते नाकापर्यंत पोचतं.

पण निघालेलं पाणी तिथंच असतं आणि ही जोडी पुन्हा मोडत राहतं. बर्थेलो आणि सेंट-जिल या फ्रेंच संशोधकांनी १८६२ मध्ये दाखवलं, की अ‍ॅसेटिक आम्ल आणि अल्कोहोल सारख्या रेणूसंख्येनं घेतलं, तर एस्टर होतं ते दोन तृतीयांश. कितीही दिवस थांबा, पुढं सरकत नाही. सरकवायचं, तर पाणी काढून घ्यावं लागतं.

आता चुलीपाशी चला. लोणी हेही एस्टरच, ग्लिसरॉल आणि स्निग्धाम्लांचं. त्यात ब्युटिरिक आम्ल बांधलेलं असतं, तोवर त्याचा वास येत नाही. लोण्यात राहिलेलं ताकाचं पाणी आणि जिवाणूंची विकरं ती गाठ सोडवतात, आणि लोणी खवट होतं. म्हणून आपण लोणी कढवतो. चरचर थांबली, की बाई पातेलं उतरवते. पाणी संपल्याची ती खूण. तूप टिकतं ते याच कारणानं, आणि हे ज्ञान मला बर्थेलोच्या आकड्याइतकंच मोलाचं वाटतं.

तेच ब्युटिरिक आम्ल साध्या अल्कोहोलशी जोडलं, की ईथाईल ब्युटिरेट होतं. संत्र्याच्या ताज्या रसाच्या वासात त्याचा मोठा वाटा आहे. आपली मोसंबी त्याच गोड संत्र्याच्या कुळातली.

आणि ऊस? पैठणच्याही वर, कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीला, मळीच्या अल्कोहोलपासून ईथाईल अ‍ॅसिटेट तयार होतं. रंग आणि शाईच्या धंद्यात ते लागतं. गोदावरी तीच, ऊसही तोच. आपल्या भागातून मात्र बहुतेक ऊस साखर होऊनच बाहेर पडतो. रसायनशास्त्र शिकलेल्या इथल्या तरुणांनी यात लक्ष घालावं, असं मला मनापासून वाटतं.

समोर बसलेल्या गुरुजनांना एक विनंती. हरभरा वाळायच्या आत एकदा मुलांना पहाटे शेतात घेऊन जा. सोबत धुतलेलं फडकं आणि निळा लिटमस कागद असू द्या. आंब पिळा आणि कागद तांबडा होताना मुलांना बघू द्या.