लाकडी ठोकळा



१९९३ साली जेफ हॉकिन्स यांच्या अमेरिकी कंपनीचा 'झूमर' हा हातात धरायचा संगणक बाजारात आला आणि फसला. तेव्हा कंपनीने तो विकत घेणाऱ्यांनाच प्रश्न विचारले. अपयशानंतर ग्राहकापुढे जाणे सोपे नव्हे! उत्तरांतून उमगले, की खरी स्पर्धा कागदी डायरीशी आहे. मग हॉकिन्स यांनी सदऱ्याच्या खिशात मावेल एवढा लाकडी ठोकळा कापला. बैठकीत कोणी भेटीची वेळ मागितली, की ते तो काढून काडीने नोंद केल्याचे सोंग करीत. माणसाला खरोखर काय व किती वेळा लागते, हे त्या मुक्या ठोकळ्याने दाखवले. १९९६ साली आलेल्या 'पायलट'वर भेटी, पत्ते, करावयाची कामे आणि टिपणे यांसाठी चार कळा होत्या.