आज्जीची ड्युटी

कर्नाटकातल्या निपाणीतून कागलच्या एमआयडीसीकडं मुलगा-सून कामाला गेली, की घरात आज्जीची ड्युटी सुरू होते. मांडीवर विड्यांचं सूप, शेजारी चार वर्षांचा नातू. तंबाखूची धूळ पोराच्या नाकात जाते. सूप दुसऱ्या खोलीत न्या, हे आधीच सांगून टाकते.

बर्लिनमधल्या सत्तरीपुढच्या ५०० हून अधिक जणांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. नातवंडांना अधूनमधून सांभाळणारे जास्त जगलेले दिसले. ‘अधूनमधून’ हा शब्द सोडू नका. पूर्ण जबाबदारी अंगावर असलेले त्यात धरलेच नव्हते. आमच्या आज्जीला सुट्टी कोण देतंय? गुडघे ठणकतात, हरिपाठ बुडतो, वर थोरल्या नातीचा कन्नड गृहपाठ! मराठी शाळा शिकलेली आज्जी त्या वहीपुढं गप्पच बसते.

अशा वेळी शेजारीण कामी येते. गल्लीतल्या दोघी-तिघींनी दुपारी आळीपाळीनं पोरं सांभाळली, तर एकीची पाठ तरी टेकते. तीन वर्षांपुढच्या पोराला अंगणवाडी आहेच. आणि रविवारी सुनेनं म्हणावं, “आत्या, आज तुम्ही देवळात जाऊन या, निवांत.”

मन फारच जड झालं, तर ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे: १४५६७.