गोळी आज, उतार महिन्याने : एका मेंदू-संशोधिकेची गोष्ट
(वार्षिक समारंभातील भाषणाचा मजकूर)



विज्ञानावर चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली आहे. मी आज नैराश्य या आजाराविषयी बोलणार आहे. डॉक्टर त्याला डिप्रेशन म्हणतात.

हुशार मुलाचे अभ्यासावरून मन उडते, तो जेवत नाही, रात्र रात्र जागतो. आपण म्हणतो, आळशी झाला. सून दिवसभर पडून राहते. आपण म्हणतो, नखरे आहेत. कोणाला नजर दिसते, कोणाला करणी. शेवटी एकदाचे डॉक्टरकडे नेतात, चार दिवस गोळ्या देतात आणि फरक नाही म्हणून बंद करतात. सगळी गोम या चार दिवसांत आहे. औषध काही तासांत रक्तात आणि मेंदूत पोहोचते. मग उतार पडायला दोन-चार आठवडे का लागावेत?

डॉ. विदिता वैद्य यांच्या संशोधनाची सुरुवात या कोड्याच्या आसपास झाली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकून त्या अमेरिकेत येल विद्यापीठात गेल्या व रोनाल्ड ड्यूमन यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. पुढे स्वीडनमध्ये व ऑक्सफर्डला काम करून २००० साली, वयाच्या तिशीच्या आत, त्या मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परत आल्या.

या औषधांचा जन्मही गमतीचा आहे. १९५० नंतरच्या काळात अमेरिकेत क्षयाच्या रोग्यांना इप्रोनियाझिड नावाचे औषध दिले, तेव्हा रोगी एकाएकी उल्हसित दिसू लागले. (क्षयाचे आरोग्यधाम म्हणजे काय, हे मिरजेच्या वॉनलेसवाडीमुळे आपल्या भागाला निराळे सांगायला नको.) या औषधाने मेंदूतील सेरोटोनिनसारखी रसायने वाढतात असे आढळले. त्यावरून, रसायन कमी पडले की नैराश्य येते, असे सोपे उत्तर निघाले. पण रसायन तर लगेच वाढते, उतार मात्र उशिरा पडतो.

ड्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की ही औषधे पेशींच्या वाढीला मदत करणारे एक प्रथिन हळूहळू वाढवितात, आणि उंदरांच्या मेंदूत आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात नव्या पेशी जास्त तयार होतात. उसाची कांडी लावली म्हणून दुसऱ्या दिवशी कोंब येत नाही, तसेच हे. माणसाच्या बाबतीत हा हिशेब अजून पुरता लागलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. २०१० साली वैद्यबाईंच्या प्रयोगशाळेने उंदरांना नेहमीच्या औषधाबरोबर आणखी एक द्रव्य दिले, तेव्हा हे परिणाम लवकर दिसू लागले.

मला त्यांचा दुसरा प्रयोग अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि पालकांनी तो नीट ऐकावा. उंदरांची पिल्ले जन्मानंतर पहिले दोन आठवडे रोज तीन तास आईपासून वेगळी ठेवली. ती मोठी झाल्यावर त्यांची परीक्षा घेतली. तरुणपणी ही पिल्ले ताणाच्या परीक्षेत इतरांपेक्षा सरस ठरली! मारल्याशिवाय मूल सुधारत नाही म्हणणाऱ्यांना इथे आनंद होईल. पण तीच जनावरे मध्यम वयाला आली तेव्हा त्यांची स्मरणशक्ती मागे पडली, नव्या पेशीही कमी झाल्या. २०१३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उंदीर म्हणजे आपले मूल नव्हे. पण धाक दिला आणि मार्क वाढले, एवढ्यावर समाधान मानणाऱ्या बापाने मूल चाळिशीला कसे असेल हेही मनात आणावे.

सेरोटोनिन पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या घटकांवरही परिणाम करते, हे त्यांनी सहकाऱ्यांसह २०१९ मध्ये दाखविले. २०१५ चे भटनागर पारितोषिक आणि २०२२ चे इन्फोसिस पारितोषिक त्यांना मिळाले.

त्यांचे आई-वडील दोघेही डॉक्टर आणि संशोधक. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ते वातावरण नाही, हा फरक मी लपवीत नाही. पण आष्ट्याच्या मुलीला बारावीनंतर बी.एस्सी.चा रस्ता खुला आहे, आणि टाटा संस्थेत पीएच.डी. करणाऱ्याला फी भरण्याऐवजी दरमहा विद्यावेतन मिळते. ही गोष्ट मुलीच्या लग्नाचा विचार करणाऱ्या अब्बा-अम्मींच्या कानावर घालावी, म्हणून मुद्दाम सांगितली.

आणि घरात कोणी महिनाभर गप्प गप्प असेल तर डॉक्टरला दाखवा. गोळ्या सुरू झाल्या तर त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची टेलिमानस ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन करायला पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते.