गाडी भरतानाच ठरते



वाहतुकीच्या परिषदा सहसा मुंबई-पुण्याच्या सभागृहांत भरतात. ही परिषद जळगाव जिल्ह्यातल्या सावद्यात, केळीच्या पट्ट्यात भरते आहे आणि समोर शेतकरी, व्यापारी, चालक, मजूर असे सगळे एकाच मांडवात बसले आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. एसटीत चालकांना शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्या नात्याने आपण मला अध्यक्षपद दिलेत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे.

परिषदेपुढचा प्रश्न साधा दिसतो : वाहन चालवण्याचा दर्जा घसरतो आहे का? सकाळपासून बहुतेक वक्त्यांनी ‘हो’ म्हटले आणि बोट चालकाकडे दाखवले. मला थोडे वेगळे सांगायचे आहे, आणि ते आधी आकड्यांवरून सांगतो.

१९७० साली देशात सुमारे साडेचौदा हजार माणसे रस्त्यावर मेली. तेव्हा वाहने होती जेमतेम चौदा लाख. म्हणजे दर दहा हजार वाहनांमागे शंभरावर मृत्यू. आज हे प्रमाण दहाच्याही आत आहे. एवढेच पाहिले तर आपण सुधारलो म्हणायचे. ब्रेक सुधारले, दिवे सुधारले, टायर सुधारले, पॉवर स्टिअरिंग आले, रस्ते रुंद झाले. पण हाच हिशेब माणसांच्या बाजूने मांडा. १९७० मध्ये लाख लोकसंख्येमागे तीनही माणसे रस्त्यावर मरत नव्हती. आता बारा मरतात. २०१२ साली देशात १,३८,२५८ जण गेले, २०२२ साली १,६८,४९१. त्यांतले पंधरा हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातले. गाडी सुरक्षित होत गेली आणि रस्त्यावरच्या माणसाचा धोका वाढत गेला. मरणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा आहे, त्याखालोखाल पायी चालणाऱ्यांचा. ज्यांच्याभोवती पत्रा नाही, ते मरतात.

मग दोष कुणाचा? २०२२ च्या सरकारी अहवालात सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यात घातले आहेत. वेगाबद्दल माझे दुमत नाही. ताशी ऐंशीने जाणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, तेवढ्यात तेहतीस मीटर गेले, आणि ब्रेक लागायला अजून सुरुवातही झाली नाही. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. हे गणित मी प्रत्येक तुकडीला फळ्यावर मांडून शिकवले आहे. तरीही विचारावेसे वाटते की पंचनाम्यात ‘अतिवेग’ लिहून झाल्यावर पुढचा प्रश्न कोण विचारतो? तो चालक किती तास जागा होता? माल किती वाजता पोचवायचा हे कुणी ठरवले होते? गाडीत किती भरले होते, आणि भरलेल्या मालावर कोण बसले होते? ही माहिती कोणत्या रकान्यात जाते?

आपल्या भागातली गोष्ट घ्या. फेब्रुवारी २०२१ मधली ती मध्यरात्र या सभेतले कुणी विसरले नसेल. धुळ्याकडून रावेरकडे पपई घेऊन येणारा ट्रक यावल तालुक्यातल्या किनगावजवळ उलटला. गाडीत मालाबरोबर मजूर होते. पंधराजण मालाखाली दबून मेले. आभोडा, केऱ्हाळा, विवरा आणि रावेर इथली ती माणसे होती. स्त्रिया होत्या, लहान मुलेही होती. त्या रात्री चालकाचे नेमके काय चुकले, रस्त्याचे काय चुकले, हे ठरवण्याचे काम तपासाचे आणि न्यायालयाचे. माझा मुद्दा त्याआधीचा आहे. तोच ट्रक उलटला असता आणि त्यात फक्त पपई असती, तर मालाचे नुकसान झाले असते. पंधरा माणसे गेली नसती. मजुरांना मालावर बसवून आणायचे हा निर्णय शेताच्या बांधावर झाला, आणि तो कुणालाच निर्णय वाटला नाही, कारण या पट्ट्यात तसेच चालत आले आहे. दिवसभर माल तोडायचा, भरायचा आणि त्याच गाडीवर चढून घरी यायचे. वेगळ्या गाडीचे भाडे वाचते.

म्हणून माझे म्हणणे असे : आपल्या भागात वाहन चालवण्याचा दर्जा हमरस्त्यावर ठरत नाही, तो गाडी भरतानाच ठरतो. किती भरायचे, कुणाला बसवायचे, कधी पोचवायचे आणि एका माणसाला किती चालवायला लावायचे, या चार गोष्टी ठरल्या की चालकाच्या हाती उरते ते थोडेच. आणि या चारही गोष्टी आपण, इथे बसलेले लोक, ठरवतो.

वेळेचा प्रश्न मी जरा सविस्तर घेतो. आपली केळी बऱ्हाणपूर ओलांडून उत्तरेकडे जाते. दिल्ली इथून हजार किलोमीटरहून लांब. ताशी चाळीसची सरासरी धरली तरी पंचवीस तास नुसते स्टिअरिंगवर. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा २०२५ पर्यंत लागू होता. चालकाकडून दिवसाला आठ तासांहून आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून जास्त काम घेऊ नये, असे तो सांगत असे. त्या हिशेबाने एका चालकाला दिल्लीची खेप तीन दिवसांहून अधिक लागते. दोन चालक असतील तर तीच खेप दीड दिवसात नियमात बसते. आता प्रत्येकाने मनाशी विचारावे की आपल्या दारातून सुटणाऱ्या गाडीत दोन चालक असतात का? आणि एकच असेल तर त्याला आपण तीन दिवस देतो का? उन्हाळ्यात कापलेला माल गाडीत पिकू लागला तर दर पडतो, हे मला कळते. शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत त्या गाडीत असते. पण नाशवंत मालाची घाई एका माणसाच्या झोपेतून वसूल करायची, हा व्यवहार माणुसकीला धरून नाही. शिवाय हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगांनाच लागू होता. एका-दोन गाड्यांचे मालक त्याच्या बाहेर राहत, आणि या पट्ट्यात बहुतेक गाड्या अशाच मालकांच्या आहेत. जे कायदा करू शकत नाही, ते आपल्याला एकमेकांशी बोलून करावे लागेल.

चालक घडतो कसा, हेही बदलले आहे. पूर्वी क्लीनर म्हणून पोरगा गाडीवर यायचा. उस्तादाच्या बाजूला बसून चार-पाच वर्षे तो गाडी धुवायचा, टायरवर ठोकून हवा ओळखायचा, डावी बाजू बघायचा, घाटात कोणता गिअर टाकायचा ते पाहायचा. त्या पद्धतीत शोषणही होते, मारही होता, ते परत यावे असे मी म्हणणार नाही. पण शिक्षण होते. खर्च वाचवायचा म्हणून आज क्लीनर गेला आणि त्याच्याबरोबर ती शाळाही गेली. रात्री चालकाशी बोलायला माणूस नाही, गाडी मागे घेताना खाली उतरून पाहायला माणूस नाही. कायद्याने हलक्या वाहनाचा परवाना एक वर्षाचा झाला की मालवाहू वाहन शिकायला परवानगी मिळते, वयाची अट वीस वर्षे. कागदावर हे पुरेसे वाटते. पण भरलेली गाडी उतारावर कशी वागते हे मोकळ्या मैदानातल्या चाचणीत कळत नाही. एसटीत भरती झालेला चालक परवाना असूनही पुन्हा प्रशिक्षण घेतो, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली गाडी चालवतो, आणि वर्षानुवर्षे विनाअपघात सेवा देणाऱ्यांचा तिथे जाहीर सत्कार होतो. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून खेड्यापाड्यांतल्या माणसाने या गाडीवर विश्वास टाकला, त्यात या शिस्तीचा वाटा मोठा आहे. मालवाहतुकीत अशी शिस्त कुणी लावायची? सरकारची वाट पाहत बसलो तर आणखी एक पिढी जाईल.

उताराचा विषय निघाला म्हणून ४ जुलै २०२३ ची आठवण करून देतो. मुंबई-आग्रा महामार्गावर, शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरजवळ एक अवजड वाहन नियंत्रण सुटून इतर वाहनांना उडवत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसले. दहाजण गेले. थांब्यावर उभी असलेली, रस्त्याशी काही देणेघेणे नसलेली माणसेही त्यात होती. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की ब्रेक तापतात आणि ऐनवेळी लागत नाहीत. खालचा गिअर टाकून इंजिनाच्या ओढीने गाडी सावकाश उतरवायची असते. हे शिकवायला आठवडाभर पुरतो. न शिकवल्याची किंमत मात्र हॉटेलात चहा प्यायला बसलेला माणूस मोजतो.

रस्त्याचा दोष मी झाकणार नाही. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्ग रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा अशा भर बाजारगावांतून जातो. त्याच रस्त्यावर ट्रक, त्याच रस्त्यावर केळीचे ट्रॅक्टर, त्याच रस्त्यावर शाळेची सायकल. तापीकाठची आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे साइडपट्टी खचते आणि डांबराची कड हातभर उंच राहते. समोरून गाडी आली म्हणून दुचाकीवाल्याने चाक खाली घातले की तो पडलाच. ट्रॉलीला मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ही तर आपल्याच अंगणातली गोष्ट. जळगावकरांनी शहरातून जाणाऱ्या महामार्गासाठी, समांतर रस्त्यांसाठी वर्षानुवर्षे आंदोलने केली, निवेदने दिली. रस्ता मागण्याचा हक्क आपलाही आहे, आणि तो तितक्याच चिकाटीने बजावला पाहिजे.

घरातल्या गोष्टींबद्दलही दोन शब्द. २०२२ साली देशात पन्नास हजारांवर माणसे हेल्मेट न घातल्याने मेली. शेतात जाताना, सासुरवाडीला जाताना, बाजाराला जाताना ‘इथल्या इथे तर जायचे’ म्हणून हेल्मेट घरीच राहते. दहावीतल्या मुलाला गाडी देणाऱ्या पालकांना १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण कोणत्याही बापाला दंडाची भीती घालून मला थांबायचे नाही. मुलाच्या हाती किल्ली देण्याआधी त्याच्या डोक्याचा विचार करा, एवढेच सांगतो.

सुधारणा होते का? होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून पोलीस, रस्ते विकास महामंडळ आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था यांनी मिळून काम केले. धोक्याच्या जागा शोधल्या, उघडे खांब आणि कठडे सुरक्षित केले, वेग मोजला, जखमीला लवकर दवाखान्यात पोचवण्याची व्यवस्था केली. पुढच्या काही वर्षांत तिथले मृत्यू निम्म्याहून खाली आले. चालक तेच होते, देश तोच होता. बदलली ती व्यवस्था. आता कायद्याने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यालाही संरक्षण दिले आहे. त्याला साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून जखमीच्या पहिल्या सात दिवसांच्या उपचारासाठी दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित सोयही झाली आहे. ‘पोलिसांच्या लफड्यात कशाला पडायचे’ म्हणून गाडी पुढे काढण्याचे कारण उरलेले नाही. १०८ ला फोन करा आणि तिथे थांबा.

एक मार्ग तर आपल्या घराशेजारूनच जातो. सावदा आणि रावेर स्टेशनांवरून केळीच्या वॅगन दिल्लीकडे गेल्या आहेत, किसान रेल्वेनेही इथून माल नेला आहे. रेल्वेने गेलेल्या प्रत्येक भरतीमागे कित्येक ट्रक महामार्गावर येत नाहीत. नियमित गाड्या आणि वेळेवर वॅगन ही मागणी आतापर्यंत आपण दरासाठी केली. यापुढे ती माणसांच्या जिवासाठीही करूया.

समारोप करताना मी परिषदेपुढे चार ठराव मांडतो. पहिला, मालाने भरलेल्या वाहनावर एकाही मजुराला बसवायचे नाही. टोळीच्या येण्या-जाण्याची गाडी वेगळी असेल आणि तिचे भाडे सौद्याच्या वेळीच मालाच्या खर्चात धरले जाईल. मजुरीतून कापले जाणार नाही. दुसरा, लांबच्या खेपेवर दोन चालक, किंवा एका चालकाला पुरेसे दिवस. उशिराबद्दल चालकाच्या भत्त्यातून कपात बंद. तिसरा, या भागातल्या वाहतूकदारांनी एकत्र येऊन नव्या चालकाला अनुभवी चालकाच्या हाताखाली किमान काही महिने ठेवायचे आणि विनाअपघात चालकांचा दरवर्षी या मांडवात सत्कार करायचा. चौथा, प्रत्येक ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागे दिवा आणि रिफ्लेक्टर लागल्याशिवाय ती बांधावरून हलवायची नाही.

यांतल्या एकाही ठरावासाठी दिल्ली-मुंबईची परवानगी लागत नाही. त्यांचा खर्च किती, हे व्यापारी आणि शेतकरी अर्ध्या तासात बसून काढू शकतात. क्विंटलमागे जी काही रक्कम येईल ती आपण सर्वांनी वाटून घ्यायची आहे. आजवर हा खर्च आभोड्याच्या, केऱ्हाळ्याच्या, विवऱ्याच्या घरांनी एकट्याने भरला. तो यापुढे त्यांनी भरायचा नाही, असे ठरवण्यासाठीच ही परिषद आहे असे मी मानतो. ठराव मतास टाकतो. ज्यांना मान्य आहेत त्यांनी हात वर करावेत, आणि उद्या सकाळी आपल्या दारातून सुटणाऱ्या पहिल्या गाडीपासून ते पाळावेत.